रिकाम्या माणसाची पंगत

आई, मी पुन्हा रिकामा झालो आहे. वाशीमची डाळमिल मालकानं दिवाळीनंतर बंद केली आणि या वयात मी भरदुपारी घरी चहा मागू लागलो. काळजी करू नकोस, तुझी सून शिवणकाम करते, भाजीभाकरीला कमी पडत नाही. पण बीए होऊन घरी बसलो होतो ते दिवस तूच पाहिलेस. तेव्हाही खायला पोटभर होतं, तरी सकाळी कशासाठी उठायचं ते कळत नसे आणि लग्नाला जायचं म्हटलं की मी न जाण्याची कारणं शोधी.

तेव्हाचीच गोष्ट, अनसिंगला मामाच्या मुलीचं लग्न आहे. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, मी दारात अडून बसलो आहे. "काहून येत नाहीस?" "सारे इचारतात, सध्या काय करून राह्यला म्हणून." तू मानही वर न करता म्हणालीस, "मंग वरणाची बादली धर. वाढणाऱ्याले कोणी काई इचारत नाही." मला राग आला. वाटलं, तुला माझी लाज वाटते. तरी गेलो, बादली धरली, आणि ज्यांना टाळत होतो तेच "इकडं आण, इकडं" करत माझी वाट पाहू लागले. नोकरी नसली की पगारापेक्षा हेच जास्त सलतं, कुणी आपली वाट पाहत नाही. दिवसभरात मला एकच प्रश्न आला, तोही एका म्हाताऱ्याचा: "वरण एवढं पातळ कायले केलं?" त्या रात्री मी सुखानं झोपलो.

परवा इंझोरीला लग्न होतं. मोठ्या हुशारीनं मंडपात शिरून बादली शोधली, तर पंगतच नाही. बुफे. टोप्या घातलेली केटररची माणसं आणि माझ्या हातात नुसती प्लेट. तेवढ्यात जुना वर्गमित्र समोर आलाच. "काय करून राह्यला सध्या?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काई नाही गा, रिकामाच आहो." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मीबी. कोणी इचारायच्या आत मीच इचारून घेतो." आम्ही इतके हसलो की त्याची जिलेबी खाली पडली. फार दिवसांनी छाती हलकी झाली.

आता विचारेल त्याला बेधडक सांगतो. फक्त तुला सांगवत नाही, म्हणून हे पत्रही तुझ्या फोटोपाशी ठेवणार नाही, तुझ्या सुनेच्या शिलाई मशीनच्या खणात राहील. रोज सकाळी तुझ्या फोटोला "मिलमध्ये जाऊन येतो" म्हणतो, पुढच्या दारानं बाहेर पडतो आणि मागच्या दारानं घरात येतो.