तोंड फिरवलेलं बाळ

मंगळवार, रत्नागिरी

मधुरा आज आमच्या कॉलेजात व्याख्यान देऊन गेली. एमएसडब्ल्यूला आम्ही एका बाकावर होतो. आता ती मुंबईत प्रोफेसर आहे, आणि तान्ह्या बाळांच्या मनाबद्दल काही असलं की सगळे तिलाच बोलावतात. तो विषय मलाही हवा होता. मी इथे पहिल्या वर्षाला तेच ते शिकवतेय.

तिने पडद्यावर इथल्याच पावस गावची एक आई दाखवली. आई हसवायला जाते आणि बाळ तोंड फिरवतं. "ते रुसलेलं नाही," मधुरा म्हणाली. "त्याला जरा उसंत हवीय. मागे लागू नका, थांबा. ते आपणहून वळतं." सगळा हॉल चिडीचूप. माझ्या तासाला असं कधी असतं?

नंतर चहाच्या वेळी ती जवळ आली. "बरी आहेस ना गो?" मी तोंड फिरवलं, खिडकीबाहेर बघत राहिले. वाटलं, आता मुंबईचं काहीबाही सांगत बसेल. पण ती कप धरून नुसती उभी.

शेवटी मीच वळले. हसलेसुद्धा.

घरी आल्यापासून चरफडतेय. त्या बाळाचंच औषध मला दिलंन तिने. आणि तेव्हा खरंच बरं वाटलं मला, त्याचाच जास्त राग येतोय.