एक ‘नाही’ वगळता

३ तारीख, सोमवार. सकाळी ७
संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्याचा संयोजक म्हणून माझी एकमताने निवड. (दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं बायकोचं मत.) स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांसाठी संस्था दिवसाचं केंद्र चालवते. माझे बाबाही जातात. नऊला गाडी नेते, तीनला आणून सोडते. मेळाव्यात घरच्यांकडून भरून घेतलेले अभिप्राय बघून केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे कमिटी ठरवणार. म्हणजे सगळं माझ्या हातात. काळजी मिटली.

५ तारीख
प्लॅन तयार. तीस कुटुंबांना आमंत्रण, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. बायकोने विचारलं, वेळ दुपारी चारची कशी? तीनला पेशंट घरी येतात, त्यांना कोणावर सोडून लोक येणार? तिला मॅनेजमेंट कळत नाही. कार्ड छापायला दिली.

१४ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी ६
मेळावा पार पडला. उपस्थिती मोजकी पण दर्जेदार. चार घरची माणसं आणि हॉलचा वॉचमन. बायको बाबांना घेऊनच आली. माझ्या भाषणात बाबांनी तीनदा मोठ्याने विचारलं, हा बोलणारा कोण? मनाला लावून घेतलं नाही. थोडं घेतलं.

१५ तारीख
अभिप्रायाचे फॉर्म आले चार. चारावर कसली टक्केवारी काढणार? आपला हात जगन्नाथ! सव्वीस फॉर्म स्वतः भरले. निळं पेन, काळं पेन, काही डाव्या हाताने. ‘केंद्रामुळे तुमची अडचण सुटली का?’ सगळीकडे ‘हो, पूर्णपणे’.
खऱ्या चारांत एकच ‘नाही’. खाली लिहिलंय, ‘हे सहा तास मिळतात म्हणून मी उभी आहे. केंद्र बंद झालं तर कोसळेन.’ अक्षर बायकोचं. दुधात मिठाचा खडा! ड्रॉवरमध्ये टाकला.

२१ तारीख
कमिटीची मीटिंग. शंभर टक्के समाधान! टाळ्या. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, सगळ्यांच्याच अडचणी सुटल्या असतील तर केंद्राचं काम झालं. एका जरी घराने नाही म्हटलं असतं, तर बंद करायचा धीर झाला नसता. महिनाअखेरीस बंद. निरोप समारंभाचं संयोजन अर्थात माझ्याकडे.
मी बोलणार होतो. पण टाळ्या चालू होत्या.
घरी योग्य वेळ बघून सांगेन.

२९ तारीख
बायकोला गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं. तिने एवढंच विचारलं, माझ्या फॉर्मचं काय म्हणाले? मी ड्रॉवर उघडला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. बॅग भरून भावाकडे गेली. म्हणाली, मला झोपायचंय. किती दिवस, ते सांगितलं नाही.
लाज वाटली. इथे तरी खरं लिहितो, फार लाज वाटली.

१ तारीख, मंगळवार. दुपारी साडेतीन
बाबा नऊपासून बूट घालून दारात बसलेत. गाडी आली का, विचारतात. नाही म्हटलं की मान हलवतात, बूट काढत नाहीत. दुपारी घास भरवला तर विचारलं, तुम्ही केंद्रातले का? हो म्हणालो.
निरोप समारंभ चारला. भाषण पाठ आहे, शर्टाला इस्त्री आहे. अध्यक्षबाईंना फोन करून सांगितलं, मला येता येणार नाही. त्यांनी विचारलं, का?
बाबांना ठेवायला जागा नाही.