ताठ मानेचा लसूण

राजमान्य बाळासाहेब पावणं यांस, येडगावहून चिमाजीचा रामराम. तुमचा गुडघा बरा असेल अशी आशा. फोन उचलायला गुडघा लागत नसावा, तरी तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला.

तुम्ही सिमल्याकडच्या सहलीतून आणलेल्या लसणाची हकिकत कळवतो. त्याला इंग्रजीत हार्डनेक म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे ताठ मानेचा. (तेव्हाच ओळखायला हवं होतं, तुमच्या घराण्यातला दिसतो.) त्याला थंडी लागते म्हणून दिवाळीपर्यंत दीड महिना फ्रीजमध्ये ठेवला. तेवढे दिवस आमच्या दुधाला, दह्याला, चहाला लसणाचा वास. चहाला येणारी माणसं हळूहळू बंद झाली. ती अजून आलेली नाहीत.

मग परसातल्या वाफ्यात लावला. त्या वाफ्यात तुमची बहीण प्रयाग तीस वर्षं माहेरचा, तुमच्या लोणी गावचा लसूण लावायची, तुमच्या आईनं पदरात बांधून दिलेला. ती म्हणाली, "अर्ध्या वाफ्यात माझा राहू द्या." पण तुम्ही बजावलं होतंत की जुनं टाकून द्या, दोन्ही एका जागी नकोत. बियाण्याला ठेवलेल्या त्या गड्ड्या खलबत्त्यात गेल्या. चटणी चार दिवस पुरली.

नवा लसूण लई जोमात आला. माघात काही रोपांना मधून कडक दांडा फुटला, वर कोंबडीच्या मानेसारखा वळलेला. शेजारचे गेणभाऊ जन्मभर कांदा पिकवणारे. ते म्हणाले, "डेंगळं आलं हे, कांद्याला फुलाचा दांडा येतो तसं. उपटून टाका, न्हाईतर गड्डी धरायची न्हाई." मी तेवढी सगळी उपटली. नंतर तुमचा जुना मेसेज नीट वाचला. दांडा येणं हीच त्या लसणाची खूण, आणि दांडा न येणारं रोप वाया गेलेलं. म्हणजे वाफ्यात मी फक्त वाया गेलेली राखली होती. होळीला खणलं, तर एकाही गड्डीत पाकळी नाही. नुसत्या गोट्या.

प्रयाग रिकाम्या वाफ्याला अजून रोज पाणी घालते. मी विचारलं, काय लावलंय? म्हणाली, "काय न्हाई. सवय हाये."

सगळ्यांना नमस्कार.

आपला,
चिमाजी

ता.क. जुनं टाकून द्या, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. ते मी प्रयागला तुमच्या नावावर सांगितलं. नवीन वाण गावाला दाखवायची मलाच हौस होती. तुमच्याकडं आईचा लसूण अजून असेल, तर बियाण्यापुरत्या दोन गड्ड्या द्या. तिला यातलं काही सांगू नका.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी प्रयागनं हे वाचलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे, कारण तिनं तेव्हाच तुम्हाला फोन करून विचारलं होतं. (तिचा तुम्ही उचलता.) गड्ड्या तिच्याच हातात द्यायच्या, माझ्याकडं द्यायच्या नाहीत, असं तिनं समोर बसून लिहायला लावलंय.