आणि इतर सहकारी

४ जानेवारी, रविवार
डायरी सुरू. दुकानात शेठनी दिली, पडद्याच्या कापडाच्या कंपनीची आहे. पहिल्या पानावर खिडक्यांची मापं छापली आहेत. कलावंताने लिहीत राहावं. उद्या माझ्यावर कोणी लेख लिहायला घेतला तर त्याला साहित्य लागेल.

थोडक्यात परिस्थिती. मी राजेंद्र शेजवळ, वय त्रेचाळीस, अंबरनाथ ईस्ट. दिवसा उल्हासनगर कॅम्प पाचला पडद्यांच्या दुकानात. बाकी वेळ बेस गिटारिस्ट, जितेशच्या ऑर्केस्ट्रात, सलग अकरा वर्षं. हळदी, साखरपुडे, जयंत्या, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं.

तिसरं गाणं संपलं की जितेश माइकवर कलाकारांची ओळख करून देतो. नाव घेतो, तो कलाकार एक तुकडा वाजवतो, टाळ्या पडतात. की-बोर्डवर कमलेश. मग ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोलक. मग म्हणतो, आणि आमचे इतर सहकारी. हे इतर सहकारी म्हणजे मी. आणखी कोणी आहे का, हे मी मागे वळून तपासलंय. मागे स्पीकर आहे.

संकल्प: या वर्षी स्टेजवरून नाव. मे महिन्यात मेहुणीची, शलाकाची, हळद आहे बदलापूरला. ऑर्केस्ट्रा आमचाच. सासरची झाडून सगळी माणसं समोर बसणार. त्या दिवशी नाव घेतलं गेलंच पाहिजे.

११ जानेवारी, रविवार
सासरे आले होते, रामभाऊ. ऑर्डनन्स फॅक्टरीत पस्तीस वर्षं काढल्यामुळे हातात येईल ती वस्तू उलटी करून बघतात. बेस उलटा करून बघितला. उरलेल्या दोन तारा कधी बसवणार, असं विचारलं. मी म्हटलं, पप्पा, बेसला चारच तारा असतात. ते म्हणाले, भागतंय ना, मग राहू द्या.

मी सांगितलं की बेस हा गाण्याचा पाया असतो, दिसत नाही पण सगळं त्यावर उभं असतं. ते म्हणाले, पाया एकदाच भरतात, रोज संध्याकाळी भरत नाहीत. अस्मिता उठून किचनमध्ये गेली. हसायला गेली नसावी. बायको अकरा वर्षं माझ्या पाठीशी आहे. कुकर बघायला गेली असेल.

२५ जानेवारी, रविवार
प्रेझेंटेशनमध्ये कमी पडत होतो, हे लक्षात आलं होतं. बाकीचे काळ्या शर्टात असतात. मी मरून ब्लेझर शिवून घेतला, सोनेरी बटणांचा. काल विठ्ठलवाडीला साखरपुड्यात घातला.

इफेक्ट लगेच दिसला. दुसऱ्याच गाण्यात एक काकू स्टेजपाशी आल्या, थेट माझ्याकडे बघून हात वर केला. मी वाजवता वाजवता मान झुकवली. त्या म्हणाल्या, पनीर संपलंय, कधीपासून सांगतोय.

केटरिंगवाल्यांचा ड्रेसही मरून होता. ब्लेझर हळदीसाठी कॅन्सल. तरीपण नजर माझ्यावर आली, हा मुद्दा आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
आज आमचा सिनेमा रिलीज झाला. गेल्या वर्षी बदलापूरजवळच्या फार्महाऊसवर शूटिंग होतं, हळदीच्या सीनला खरा ऑर्केस्ट्रा हवा होता म्हणून आम्हाला बोलावलं होतं. सासू-सासरे, अस्मिता, शलाका, सगळ्यांना घेऊन गेलो. दुकानाचे शेठही आले.

शूटिंगला काय झालं ते इथे लिहून ठेवतो. असिस्टंट डायरेक्टरने माझा बेस काढून हीरोच्या मित्राच्या गळ्यात घातला. त्याची पर्सनॅलिटी सूट होते म्हणाला. मला खुळखुळा दिला. मी प्रोफेशनल असल्यामुळे खुळखुळाही सुरात वाजवला.

पडद्यावर त्या मित्राने बेस खाजवल्यासारखा वाजवला. केबल लावलेलीच नव्हती. मी दोन सेकंद आहे. डावं कोपर. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की लक्ष ठेवा, तरी सासूबाई नेमक्या तेव्हाच पर्समध्ये गोळी शोधत होत्या.

मग श्रेयनामावलीसाठी सगळ्यांना बसवून ठेवलं. झाडूवाला पुढच्या रांगेपर्यंत आला. ऋणनिर्देशात फार्महाऊसचे मालक आहेत, चहावाला आहे, मालकांचा कुत्रा आहे. की-बोर्डवाला कमलेशसुद्धा आहे. बेस नाही. शेठ बाहेर आल्यावर म्हणाले, साईं, कोहनी तो अच्छी आई है.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. सिनेमावाल्यांना संगीतातलं कळत नाही.

८ मार्च, रविवार
नवा विचार. ओळख करून देताना वाजवायला माझ्याकडे तुकडा तयार हवा. तो नसल्यामुळेच जितेश नाव घ्यायला कचरत असणार. वीस सेकंदांचा एक तुकडा बसवायला घेतला. ॲम्प्लिफायर गॅलरीत लावला, आवाज मोकळा लागतो.

दहाव्या मिनिटाला खाली गडबड. आमच्या बिल्डिंगला एक दिवसाआड पाणी येतं, आज नव्हतं. माझा खालचा सूर ऐकून पहिल्या मजल्यावरच्या कौसाबाईंना वाटलं पंप चालू झाला. त्यांनी हाक दिली. तीन मजले बादल्या, पिंप, हंडे घेऊन नळाखाली. सेक्रेटरी पंपरूमचं कुलूप उघडून आत उभा.

मी वरून सांगितलं की ते मी होतो. कौसाबाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही. पण निरीक्षण म्हणून नोंदवतो: अकरा वर्षांत माझ्या वाजवण्याला इतका ताबडतोब प्रतिसाद कधीच मिळाला नव्हता.

यापुढे रियाज फक्त पाण्याच्या दिवशी.

१५ मार्च, रविवार
पाण्याच्या दिवशी रियाज केला. खरा पंप चालू झाला तेव्हा कोणीच उठलं नाही. टाकी भरून वाहत राहिली. रियाज बंद. तुकडा मनातल्या मनात बसवणार, मोठे कलाकार तसंच करतात.

१४ एप्रिल, मंगळवार
कॅम्प पाचला जयंतीचा कार्यक्रम. मैदान भरलेलं. जितेशला तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, म्हणून माझा परिचय एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात सरकवला. निवेदकाकडे शंभर चिठ्ठ्या येतात, त्यात एक. मजकुरावर चार दिवस मेहनत घेतली होती.

त्याने चिठ्ठी काढली. वाचायला लागला. ज्यांच्याशिवाय आज या मंचावर काहीच उभं राहू शकलं नसतं, जे कधीही पुढे येत नाहीत, पण ज्यांचा आधार प्रत्येकाला जाणवतो, असे. मी बोटं तारांवर ठेवली. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष पायऱ्या चढून वर आले. जितेशने वाक्य न तोडता त्यांचं नाव घेतलं.

टाळ्या दोन मिनिटं थांबल्या नाहीत. त्यांना शाल दिली, हार घातला. अध्यक्षांनी डोळे पुसले. म्हणजे मजकुरात काही खोट नव्हती.

१९ एप्रिल, रविवार
अस्मिताने मला न विचारता जितेशला फोन केला. माझ्या माहेरची माणसं आहेत, आमच्या ह्यांचं नाव घ्या, विसरू नका, असं सांगितलं. जितेश म्हणाला, वहिनी, घरचंच कार्य आहे, पहिलं नाव राजाभाऊंचं.

मला राग आला. कलावंताने मागून घ्यायचं नसतं. राग साधारण चहा होईपर्यंत टिकला. मग विचारलं, पहिलं म्हणाला का, कमलेशच्या आधी? ती म्हणाली, हो, पहिलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की फोन करताना तिला लाज वाटली, पण माहेरी प्रत्येक वेळी हे काय करतात म्हणून विचारतात, त्याचीही वाटतेच.

हे मला माहीत नव्हतं.

९ मे, शनिवार, सकाळी ११
आज संध्याकाळी हळद. तुकडा बारा सेकंदांवर आणलाय, घट्ट झालाय. सासऱ्यांना पुढच्या रांगेत मधली खुर्ची सांगून ठेवली आहे. अस्मिता मोबाइलवर रेकॉर्ड करणार. तुकडा वाजवून झाल्यावर मान किती झुकवायची ते आरशात ठरवलं. थोडीच.

१० मे, रविवार, सकाळी ७
काल घडलं ते क्रमाने लिहितो.

तिसरं गाणं संपलं. जितेश माइक घेऊन पुढे आला. खालून कोणीतरी एक चिठ्ठी दिली. त्याने ती बघितली आणि त्याच्या खास ओळख करून देण्याच्या आवाजात म्हणाला, श्रीयुत राजेंद्र शेजवळ, अंबरनाथ. पूर्ण नाव. इको लावलेला होता, त्यामुळे शेजवळ दोनदा आलं.

इथे स्टेज लहान, माझी जागा स्पीकरच्या मागे होती; तिथून पुढे आलो. तुकडा वाजवला. बारा सेकंद, एकही सूर हलला नाही. मान झुकवली. मान झुकलेली असतानाच जितेशने पुढचं वाचलं, की यांनी आपली राखाडी स्कूटर जेवणाच्या टेम्पोसमोरून ताबडतोब काढावी.

लोक हसले. लग्नघर आहे, हसणारच. अस्मिताने मोबाइल खाली घेतला. तिच्याकडे मी मग बघितलं नाही.

बेस स्टँडला लावून गेलो. स्कूटर काढली, पण टेम्पोचं मागचं चाक गटाराच्या फरशीत अडकलं. मी मागून हात दाखवत होतो, घे, घे, घे, बस. आचारी आणि मी, दोघांनी ढकलला. तेवढ्यात आत कोळीगीत सुरू झालं.

रस्त्यावर शब्द कळत नव्हते. ढोलकी नाही, गाणाऱ्याचा आवाज नाही. लांबून फक्त खालचे सूर पोचतात, ते भिंतीतून जातात, हे शास्त्र आहे. म्हणजे बेस ऐकू येत होता. स्वच्छ, तालात. कमलेश डाव्या हाताने की-बोर्डवर वाजवत होता. त्याने असं कधीपासून शिकून घेतलं, मला कल्पना नाही. वाईट वाजवत नव्हता.

टेम्पो निघाला तेव्हा गाणं संपून टाळ्या पडत होत्या. आत गेलो. ओळखही आटोपली होती. पुढची सगळी गाणी वाजवली. अस्मिता घरी येताना म्हणाली, टेम्पो अडला असता तर दोनशे माणसं उपाशी राहिली असती. तिला बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं.

१० मे, दुपारी ३
लग्न व्यवस्थित लागलं. जेवणाच्या पंगतीत सासरे स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसले. अस्मिता समोरच वाढत होती. ते तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, राजेंद्रराव, काल पहिल्यांदा तुमचं वाजवणं कळलं मला. इतकी वर्षं उगाच चेष्टा केली. स्कूटर काढून आल्याबरोबर ते कोळीगीत वाजवलंत ना, छातीत धडधडत होतं. आता मी सगळ्यांना सांगणार.

अस्मिताच्या हातात भाताचं भांडं होतं. ती थांबून माझ्याकडे बघत होती. इतकी खूश मी तिला लग्नानंतर दोनदाच बघितलंय.

मी म्हटलं, थँक्यू, पप्पा.