आठ थरांचं दार

८ फेब्रुवारी ९३
इंदुरात भंवरकुआंला युनिव्हर्सिटीत दोन तास कॉम्प्युटर मिळाला. मिनीबसचं मागचं दार. काचधाग्याचं कापड, रेझिन, एकावर एक थर. आजवर दहा थर, सगळ्यांचे धागे उभे-आडवे. जड. साहेब पुण्याचे, रोज ऐकवतात, आता बाहेरच्या कंपन्या येणार, असली दारं कोण घेणार? प्रोग्रॅमने आठ दिले! त्यात चार तिरपे. मधल्या रेघेच्या वर जो क्रम, तोच खाली, आरशात बघावा तसा. सुंदर. दाराला सुंदर म्हणणारी मी एकटीच असेन.

१० फेब्रु.
पहिल्या आठ थरी दाराचे थर बाबांनी घातले. मागच्या साली मिल बंद झाली, तिथे सत्तावीस वर्षं घडीखात्यात होते, कापडाच्या घड्या घालायला. नंतर नुसते ओट्यावर बसून. दिवाळीनंतर मीच ठेकेदाराकरवी पीथमपूरच्या आमच्या शेडमध्ये कामाला लावलं. नातं लपवून. हट्ट त्यांचाच. "बेटा, तू तिथे अफसर. तिथे मी तुझा कोणी नाही." शेडमध्ये मला मॅडम म्हणतात. जुनी इंदूर मोहल्ल्यातून एकाच बसने जातो, वेगळ्या सीटवर. मला आवडत नाही.

११
दार भट्टीतून निघालं ते पिळलेलं. समोरासमोरचे दोन कोपरे वर. एक पाय आखूड असलेल्या खाटेसारखं डगडगतं. गणित तीनदा तपासलं, चूक नाही. मग काय? घरी आईवर उगीच खेकसले.

१३, शनि.
दुसरंही तसंच. तेच कोपरे. साहेब सगळ्यांसमोर: "त्या म्हाताऱ्याला हटवा. मिलवाल्यांचं काम नाही हे." बाबा हात जोडून पुढे. "गलती माझीच असेल साहेब. मॅडमचा कागद एकदम सही आहे."
आणि मी तिथेच उभी. दोन महिन्यांनी नोकरी पक्की व्हायची आहे, तेवढंच डोक्यात.
बुधवारी कारण लेखी द्यायचंय. मग बाबांचा निकाल.

१४, रवि.
झोप नाही. सकाळी जुन्या साडीचे आठ तुकडे कापले, धाग्याची दिशा दाखवायला पेनाने रेघा मारल्या. बाबांना म्हटलं, दाराचे थर घालता तसे घाला बघू. चार नीट घातले. पाचवा उचलला आणि पालथा केला!
"हे काय?"
"अच्छी बाजू बाहेर नको का? मिलमध्ये कापडाचं अर्धं थान घडी करून झालं की पलटायचं. दोन्हीकडून माल छान दिसला पाहिजे. दहावाल्या दारांनाही असंच केलं मी."
उभा-आडवा थर पालथा केला तरी तसाच राहतो. तिरपा पालथा केला की दुसरीकडे झुकतो. म्हणून पीळ. दहा थरांत खपून गेलं, माझ्या तिरप्यांनी घात केला. कुठली बाजू वर, हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. कॉम्प्युटरमधल्या थराला पाठ-पोट नसतं, आणि मीही कापड कधी हातात घेऊन बघितलं नाही. फार लाज वाटली.

१६, मंगळ
काल प्रत्येक तुकड्यावर बाण काढून दिला. बाबांनीच घातलं. आज दार सपाट! टाचणी शिरणार नाही खालून. साहेब खूश. "बघा, लक्ष ठेवलं की होतं. म्हाताऱ्याचीच चूक होती. तेवढं लिहून द्या उद्या." बाबा मान हलवत होते. हो साहेब, हो साहेब.

संध्याकाळ. फॉर्म समोर आहे. बाबांना सांगितलं, खरं तेच लिहिणार. कागद माझा, चूक माझी. आणि तुम्ही माझे वडील, तेही.
"पागल आहेस का? नोकरी पक्की होऊ दे आधी. मला मिळेल कुठेतरी."
अठ्ठावन्नाव्या वर्षी. कुठे?
भांडले. त्यांनी आत जाऊन चहा केला, कप माझ्यापुढे सरकवला.
"घ्या मॅडम."
आपल्याच घरात. चेष्टा असती तर बरं झालं असतं. सवयीने म्हणाले, त्यांच्या लक्षातही आलं नाही.
चहा निवला. कारणाची जागा कोरीच आहे. सकाळी सात दहाची बस.