नळाच्या गल्लीतला दिवा आणि एक फुटलेलं ताट

दयाळू अल्लाहचे नाव घेऊन, मी शाजली बिन हमूदा, वय वर्षे शहात्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा, त्यातली पंधरा वर्षे नगरपालिकेचा सदस्य, राहणार नळाची गल्ली, सीदी मिलाद, ट्युनिशिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी छातीला नळी लावून हृदय थकल्याचे सांगितले. डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हा ते ठीक असावे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव असता तर हा कागद चौदा वर्षांपूर्वीच लिहून झाला असता.

कलम पहिले. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक यांचे वाटे धर्माने व कायद्याने आधीच पाडून ठेवले आहेत. मुलगा अनीस यास दोन, मुलगी रजा हिला एक. यात बापाने लुडबुड करायची नसते. रजा दर शुक्रवारी फोन करते आणि अनीस ईदच्या ईदला, तोही एकदा वाजवून ठेवून देतो, ही गोष्ट मी फक्त माहितीसाठी नमूद करत आहे. अनीस, बहिणीने गच्ची मागितली तर नाही म्हणू नकोस. तिथल्या मोगऱ्याला लहानपणापासून तीच पाणी घालत आली आहे. तू फक्त त्याची फुलं कानामागे खोवून फिरलास.

कलम दुसरे. वारसांखेरीज इतरांना मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत देता येते. त्यानुसार माझे सर्व पाने, पेचकस व तेलाच्या झाऱ्या कोपऱ्यावरचा वाणी मोंजी यास द्याव्यात. अर्धी हत्यारे तशीही त्याच्याकडेच आहेत. उरलेली गेली म्हणजे संच तरी पूर्ण होईल. शिडी मात्र त्याला देऊ नये. शिडीचे पुढे येईल.

कलम तिसरे. सार्वजनिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही हे मी जाणतो. तरी गल्लीतल्या कचराकुंडीविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. या गल्लीत प्रत्येकाला कुंडी घरापासून वीस पावलांच्या आत हवी आणि दहा पावलांच्या आत नको. अशा जागा मी फितीने मोजून काढल्या. एकही निघाली नाही. शेवटी नगरपालिकेने चाकांची कुंडी दिली आणि तेव्हापासून ती आपल्या पायांनी हिंडते. सकाळी दार उघडावे तर कुंडी माझ्याच उंबऱ्याशी, कारण सदस्याच्या दारात ठेवली तर तक्रार कोण करणार. मोजण्याची फीत मी माझ्यानंतर जो कोणी सदस्य होईल त्याला देतो. देव त्याचे भले करो.

कलम चौथे. माझा जनाजा नळाच्या बाजूने न्यावा, गतिरोधकाच्या बाजूने नेऊ नये. तो गतिरोधक अर्ध्या गल्लीने मागितला आणि अर्ध्या गल्लीने अडवला. मी मंजुरी आणेपर्यंत मागणाऱ्यांनी मोंजीच्या मोरीच्या कामातून उरलेले सिमेंट ओतून तो स्वतःच उभारला. उंची इतकी की कचऱ्याचा ट्रॅक्टर पोटावर अडकला आणि दोन दिवस तिथेच राहिला. मला जिवंतपणी या लोकांनी पुरेसे आपटले आहे. मेल्यावर तरी सपाट रस्त्याने न्यावे.

येथवर मृत्युपत्र सोपे होते. आता खरे कलम.

कलम पाचवे. सन १९९५ मध्ये, रमजानच्या तोंडावर, आमच्या गल्लीसाठी विजेचा एकच दिवा मंजूर झाला. अर्जात मी स्वच्छ लिहिले होते की खांब सार्वजनिक नळापाशी लावावा, कारण बायका तिथे अंधारात पाणी भरतात. पण वायरमनला वाटले, सदस्यसाहेबांना खूश करावे. मी दुकानातून परत येतो तो खांब माझ्या दाराशी उभा आणि त्यावर दिवा लखलखतोय. दुसऱ्या दिवशी माझ्या भिंतीवर कोळशाने, मानाचे ‘सी’ लावून, लिहिलेले होते, ‘सी शाजलींचा खासगी चंद्र’. कॉफीच्या दुकानात मी शिरलो की लोक डोळ्यांवर हात धरत, जणू मी मागे उजेड घेऊनच आलो आहे.

खांब हलवण्यासाठी तीन सह्या लागतात आणि तीन सह्यांना तीन महिने. मला तीन दिवसही दम निघेना. दुपारी गल्ली झोपली असताना मी शिडी लावली, वर चढलो आणि बल्ब काढून आणला. मनाशी म्हटले, दोनच दिवस. अंधाऱ्या खांबाचा कोणाला हेवा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी रमजान लागला. माझी बायको महबूबा जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. समोरच्या सलूहा, ज्यांना गल्ली मानाने लल्ला म्हणते, प्राथमिक शाळेच्या बाई, नवरा समुद्रावर गेलेला तो परतलाच नव्हता, त्या दर रमजानात रोज एक ताट माझ्याकडे पाठवत. विधुराने रोजा सोडताना पाव आणि हरिसाची चटणी खाऊ नये, असे त्यांचे मत. त्या संध्याकाळी पाठवायला कोणी नव्हते म्हणून त्या स्वतः निघाल्या. रोजा सोडायची तोफ व्हायला चार मिनिटे होती, पण ढगांनी गल्ली आधीच काळोखली होती. माझ्या दाराशी, माझ्या खांबाखाली, मी केलेल्या अंधारात त्यांचा पाय नालीच्या काठावरून सरकला. घोटा मोडला. ताट फुटले. अंडे घालून तळलेले गरम ब्रीक रस्त्यावर पडले आणि मांजरांनी आमच्या आधी रोजा सोडला.

मी धावत बाहेर आलो, तेव्हा त्या जमिनीवर बसून तुकडे गोळा करत होत्या. म्हणाल्या, "सी शाजली, हे नाबुलच्या कुंभारांचं ताट होतं. निळ्या काठाचं. तुमच्या नगरपालिकेला सांगा."

तिथेच सांगून टाकायला हवे होते. तोंड उघडले आणि म्हटले, अर्ज करू. सदस्याच्या तोंडून अशा वेळी नेमके हेच निघते.

मग अर्ज सुरू झाले. लल्ला सलूहांनी मला बसवून सांगायचे आणि मी लिहायचे, कारण माझे अक्षर नगरपालिकेत ओळखतात, असे त्यांचे म्हणणे. ‘नळाच्या गल्लीतील दिवा बंद असल्याबाबत.’ अर्ज वर जायचा, आणि नियमाप्रमाणे चौकशी व अभिप्रायासाठी प्रभागाच्या सदस्याकडे, म्हणजे माझ्याकडेच, परत यायचा. मी अभिप्राय लिहायचो, ‘पाहणी केली. चौकशी चालू आहे.’ असे एकूण अकरा अर्ज झाले. सातव्यात त्यांनी सांगितले, लिहा, ज्याच्याजवळ शिडी आहे अशा कोणातरी सद्गृहस्थाने मनावर घेतल्यास काम होण्यासारखे आहे. मी लिहिले. ‘शिडी’वर माझ्याकडून शाई सांडली, तेव्हा त्यांनी तो कागद फाडून मला पुन्हा लिहायला लावला. वर विभक्तीची चूकही काढली.

सदस्यपद सुटले, पण बल्ब सुटला नाही. आता लावला तर लोक विचारणार, इतकी वर्षे कुठे होता. तो स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात, महबूबाच्या पिवळ्या रुमालात गुंडाळलेला आहे. दर रमजानला मी खण उघडतो आणि बंद करतो.

आमच्याकडे शेजारचे ताट रिकामे परत करायचे नसते. त्यात काहीतरी घालून द्यायचे, चार खजूर का होईनात. माझ्याकडून ते एक ताट परत गेलेले नाही. भरलेले नाही, रिकामेही नाही.

सबब मी असे देतो की, सदर बल्ब, सदर शिडी आणि नाबुलहून मागवलेले निळ्या काठाचे एक नवे ताट, खजुराचे गोड मक्रूद भरून, लल्ला सलूहा यांच्या स्वाधीन करावे. मक्रूद माझ्या बहिणीच्या हातचे असावेत, बाजारचे नकोत. बाजारचे त्या ओळखतात.

आणि एक विनंती. जनाजा उचलण्यापूर्वी इमाम विचारतात की या माणसाकडे कोणाचे काही राहिले आहे का, असेल तर त्याला माफ करा. अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करू शकतो, पण माणसाचा गुन्हा ज्या माणसाचा केला त्यालाच माफ करावा लागतो. मला रात्रंदिवस हीच भीती आहे की सगळी गल्ली ‘माफ केले’ म्हणेल आणि समोरच्या दारातून काहीच आवाज येणार नाही. त्या शांततेत मला कबरीत उतरायचे नाही. लल्ला सलूहा, हे तुमच्या तोंडावर बोलायची हिंमत मला झाली नाही, म्हणून मी तुम्हालाच साक्षीला बोलावले आहे. तुम्ही शाळेत हजेरीच्या वहीवरही वाचल्याशिवाय सही करत नव्हता. तेव्हा इथवर वाचलेच असेल. मला माफ करा.

हे मृत्युपत्र खालील साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले.

शाजली बिन हमूदा

साक्षीदार पहिली, सलूहा बिन्त मन्सूर, निवृत्त शिक्षिका. सही करण्यापूर्वी माझे दोन शब्द येथे नोंदवते, कारण कागद माझ्या हातात आहे आणि सी शाजली समोर भिंतीकडे तोंड करून बसले आहेत.

सी शाजली, त्या दुपारी गल्ली झोपली होती. मी नव्हते झोपले. मी वह्या तपासत खिडकीत बसले होते. तुम्ही चढलात, बल्ब काढलात, सदऱ्यात लपवलात आणि उतरताना शेवटची पायरी चुकून पडलात, तेसुद्धा पाहिलं. मला वाटलं होतं, पहिल्याच अर्जाला सांगाल. मग वाटलं, दुसऱ्याला सांगाल. सातव्यात तर मी शिडीच घातली, याहून सोपं काय सांगणार होते मी तुम्हाला? चौदा वर्षं मी वाट पाहिली, आणि घोट्यापेक्षा ते जास्त दुखलं, हेही लिहून ठेवते. रमजानची ताटं मी बंद केली नाहीत, यावरून तरी कळायला हवं होतं.

माफी मी कबरीवर देत नाही. जिवंत माणसाला देते. आज ऊन उतरलं की शिडी आणा.

कलम पाचमध्ये दोन ठिकाणी अनुस्वार राहिले आहेत.
(सही)

साक्षीदार दुसरा, मोंजी बिन रजब, किराणा. मी असे नोंदवतो की आज अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर सी शाजली यांना डॉक्टरांनी मना केलेले असतानाही ते शिडीवर चढले. शिडी मी धरली, आणि मी नीट धरली आहे ना, हे पाहायला लल्ला सलूहांनी मला धरले. बल्ब बसवला. सगळी गल्ली गोळा झाली होती. दिवा पेटला नाही. वायर आतून कुजली आहे असे दिसते.

मग लल्ला सलूहा सी शाजलींना म्हणाल्या, "माफ केलं. आता खाली उतरा, कागद घ्या."

ते खाली उतरले आणि खांबाला टेकून चारचौघांत रडले. मग माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी बारावा अर्ज लिहिला. या वेळी खाली सही दोघांची आहे. त्यांच्या सांगण्यावरून मी हेही नोंदवतो की दिवा पेटेपर्यंत मरायला त्यांना सवड नाही, सबब हे मृत्युपत्र तोवर माझ्या दुकानात, साखरेच्या डब्यामागे राहील.
(सही)

ठिकाण: नळाची गल्ली, सीदी मिलाद
तारीख: बुधवार, ५ ऑगस्ट २००९, रमजानला सतरा दिवस बाकी