मी मॉर्मन झालेलो नाही, याबद्दल

अल नहदा, शारजा
(तारीख राजन विमानात बसेल ती धरावी)

प्रिय मॉली,

थोरल्या भावाचे तुला भरभरून आशीर्वाद, अनिलभावोजींना नमस्कार, आणि विहिरीजवळच्या गवती चहाची खास चौकशी (कारण पुढे येईल). गुडघा कसा आहे? उतरताना आधी दुखरा पाय खाली, चढताना आधी चांगला पाय वर, हे तुला इतक्यांदा समजावलं आणि दर वेळी तू उलटंच केलंस. आम्ही इथे मजेत. प्रमिलाची शुगर आटोक्यात आहे, शेनॉनची परीक्षा संपली, आणि मी मॉर्मन झालेलो नाही.

शेवटचं वाक्य परत वाच. भुईगावात काय बोललं जातंय ते मला कळलंय. तू फॅमिली ग्रुप सोडलास, माझे मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहितोय. आणि ज्या शेजाऱ्याने ही बातमी उठवली त्या राजनच्याच हातून पाठवतोय, म्हणजे तेवढीच त्याला शिक्षा. माणूस सज्जन आहे, पुण्याचा, अकाउंट्समध्ये मॅनेजर. त्याला बसायला खुर्ची दे, पण तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं की माणसं मधलंच धरून बसतात. तुझा ज्युड पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकायला गेला आणि मॉर्मन (तो अमेरिकेतला वेगळा ख्रिस्ती पंथ) होऊन बाहेर पडला, त्याच्या चर्चने त्याला दोन वर्षांच्या सेवेवर धाडलं, आणि कुठे जायचं हे तिथे वरचे लोक ठरवत असल्यामुळे तो नेमका माझ्या शारजात येऊन पडला. तेव्हा तू मला फोनवर म्हणालीस, दादा, ख्रिसमसच्या आत त्याला आपल्या चर्चमध्ये परत आण, तोवर मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. मी म्हणालो, खलास, झालं समज. मॉली, मी दहावीला दोनदा बसलेला माणूस आहे, पण आज चार टॉवरांचा एसी माझ्या सहीशिवाय चालू होत नाही. जे शिकलो ते उघडून, आत बघून, परत बसवून शिकलो. एक भाचा उघडून परत बसवणं मला जड वाटलं नाही.

अभ्यास केला. दुबईहून घरी येताना त्या ट्रॅफिकमध्ये जो वेळ जातो, त्यात लोक शिव्या देतात, मी व्हिडिओ ऐकले. सगळा मॉर्मन धर्म मी पहिल्या गिअरमध्ये शिकलो. मग दर गुरुवारी जेवायला बोलावलं. ज्युड आला, पांढरा शर्ट, टाय, आणि मागे एक समोआ बेटावरचा मुलगा, ज्याने दार भरून गेलं. त्याचं नाव फोनोती (फोनोटी नव्हे, राजन चुकीचं सांगेल). ही माणसं कायम जोडीने असतात. एकाने दुसऱ्याच्या नजरेआड जायचं नाही असा नियमच आहे. आणि एकमेकांना ‘एल्डर’ म्हणतात, म्हणजे वडीलधारे. ज्या मुलाला मी टबमध्ये धरून आंघोळ घातली तो एकोणिसाव्या वर्षी एल्डर तुस्कानो, आणि मला पंचावन्नाव्या वर्षी बिल्डिंगमध्ये लोक ‘एसीवाले अंकल’ म्हणतात.

पहिला डाव, जोडी फोडायची. मी फोनोतीला म्हटलं, बाळा, खालच्या दुकानातून बर्फ आण. तो उठला, ज्युड उठला, दोघे गेले. बर्फ काही येईना. खाली जाऊन बघतो तर लिफ्ट बंद, आणि हे दोघे सातव्या मजल्यावरच्या अनोळखी बाईचा सोफा जिन्याने वर नेतायत. बर्फाचं पाणी पिशवीतून सोफ्यावर. बाईने मला विचारलं, ही मुलं कोणाची? मी म्हणालो, माझीच (सोफा तोपर्यंत पोचला होता म्हणून).

दुसरा डाव चहा. चहा आणि कॉफी त्यांच्यात चालत नाही, हे तुला माहीत आहे. माझा हिशोब असा, की आपल्या घरचा मुलगा एकदा चहाला हो म्हणाला की बाकीच्या गोष्टी आपोआप सैल होतील. मी आईच्या पद्धतीने केला, आलं ठेचून (किसून नाही), दूध उकळल्यावर पावडर. घरभर वास सुटला. ज्युडने कप जवळ घेतला, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, “मामा, मला गरम पाणी द्या.” बाजूचा फोनोती म्हणाला, “मला पण, मामा.” आता तोही मामाच म्हणतो. मी रागाने स्वतःचा कप ओतून दिला आणि त्यांच्याबरोबर गरम पाणी प्यायलो. पाहुणा पाणी पितोय आणि आपण समोर चहा ओढायचा, हे मला जमत नाही.

तिसरा डाव वादविवादाचा, आणि बातमी इथून उठली. मी नोंदी काढून बसलो, म्हटलं, बोल ज्युड, तुमचं म्हणणं काय? तो हसला. म्हणाला, “मामा, इथे आम्हाला प्रचाराला परवानगी नाही. आम्ही इथे फक्त मदतीचं काम करतो.” मॉली, मी सगळा ट्रॅफिक पणाला लावून तयारी केलेली, आणि समोरचा पैलवान आखाड्यात उतरायलाच तयार नाही. मग मीच त्याची बाजू मांडली, कारण त्याशिवाय खोडायची कशी? आणि कुठलीही गोष्ट सांगायची तर नीट सांगावी, ही माझी सवय. त्यांचा ग्रंथ, त्यांचा उपास, मिळकतीचा दहावा भाग, सगळं मी उभा राहून समजावलं. फोनोतीने एक सन दुरुस्त केला, तो मी मान्य केला. प्रमिलाने उठून खिडकी लावली. म्हणाली, “हळू बोला. आत गेलात तर डबा मी आणणार नाही.” आणि शेनॉन हेडफोन न काढता म्हणाली, “डॅड, यू आर द ओन्ली मिशनरी इन धिस हाउस.”

खोडायच्या भागापर्यंत मी पोचणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात राजन, लुंगीवर, चेहऱ्यावर भक्तिभाव. म्हणाला, “झेवियर, भिंतीतून सगळं ऐकू येतं. फार छान सांगतोस. कधीपासून झालास?” मी खुलासा करेपर्यंत त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर माझं अभिनंदन टाकलं होतं, वर फुलांचा गुच्छ. ग्रुपवर आपल्या शेजारच्या गास गावचा एक माणूस आहे. पुढचं तू ऐकलंच आहेस. शिवाय वरच्या मजल्यावरून एक मल्याळी गृहस्थ आले आणि पुढचं प्रवचन कधी, म्हणून विचारून गेले. मी म्हटलं, इन्शाल्ला, कधीच नाही.

तर डाव तीन, यश शून्य, हे मी लपवत नाही. पण जे पाहिलं ते सांगायलाच हवं, कारण त्याने मी फार उत्साहात आहे. तुझा मुलगा, ज्याने भुईगावात स्वतःचा कप कधी विसळला नाही, तो शर्टाची कॉलर आधी उलट्या बाजूने इस्त्री करतो. मी शिकवलेलं नाही. सकाळी साडेसहाला गजराशिवाय उठतो. इथल्या रोल्ला भागात एका म्हाताऱ्या फिलिपिनो बाईला डायलिसिसला नेताना तिची पर्स स्वतःच्या खांद्याला लावून चालतो आणि लाजत नाही. जेवण झाल्यावर प्रमिलाची भांडी घासतो, फोनोती पुसतो, आणि प्रमिला मला त्या दोघांकडे बोट दाखवून नुसती बघते. मॉली, हा मुलगा मी उघडून पाहिला. आतला एकही भाग बिघडलेला नाही. दुरुस्त काय करू?

भावोजींना सांग, पंपाच्या फूटव्हॉल्व्हला हात लावू नका, मी डिसेंबरात येतोय.

तुझा दादा,
झेवियर

ता. क. राजन परत येताना त्याच्याबरोबर विहिरीजवळचा गवती चहा वाळवून दे. मुळं नकोत, पातीच, सावलीत वाळवलेली. मी नीट चौकशी केली, त्यांना मनाई चहाच्या पावडरीची आहे, गवताची नाही. इथल्या बाजारातला करून दिला तर ज्युड तीन कप प्यायला आणि म्हणाला, आईच्या हातचा वेगळा लागतो. मीही हल्ली तोच पितो (ॲसिडिटीमुळे. गैरसमज नको).

ता. क. दुसरा. गवती चहा नाही दिलास तरी चालेल. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. सोमवारी त्यांचा कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा दिवस असतो, आणि त्यांचं मशीन बिघडल्यामुळे (मी अजून दुरुस्त केलेलं नाही, मुद्दाम) ते आमच्याकडे येतात. फोनोतीच्या आईचा फोन लागला की पलीकडे अख्खं बेट जमतं आणि गाणी म्हणतं. ज्युड बाल्कनीत जाऊन तुला लावतो. वाजून वाजून बंद होतो. आत येऊन म्हणतो, आई कामात असेल, आणि धुतलेलेच कपडे परत मशीनमध्ये टाकतो. मागच्या सोमवारी फोनोतीने आपला फोन त्याच्या हातात दिला, आणि पलीकडून त्याच्या आईने, जिची भाषा ज्युडला येत नाही, हाताने तोंडाकडे घास नेऊन खूण केली, जेवलास का.

हे लिहायला त्याने मला सांगितलेलं नाही.

ता. क. तिसरा. इथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, तो बोटिम नावाच्या ॲपवरून लावतो, म्हणून तुला कळलं नसेल कोणाचा आहे, असं मी सगळ्यांना सांगितलंय आणि तूही तेच सांग. सोमवारी सकाळी तुझ्याकडे साडेआठ वाजतील, तू भाकऱ्या थापत असशील. हिरवं बटण. पिठाच्या हाताने उचललास तरी चालेल, स्क्रीन नंतर पुसता येते (कोरड्या फडक्याने, ओल्या नव्हे).